तारांची टोपी आणि हळदीचे हात

सिनेमा कसा वाटला हे माणसाच्या तोंडाला कधी विचारू नये. तोंड भिडेखातर बोलतं. विचारायचंच असेल तर हाताला विचारावं. ही विद्या मला कुठल्या मास्तरानं दिली नाही, कुरुंद्यातल्या हळद निवडणाऱ्या बायांनी दिली, आणि आपण ह्याला काही शिकवून राहिलो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नव्वदच्या पुढची वर्षं. आमचा जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी झाली ती नंतर. विहाराच्या मागं माझं पत्र्याचं शेड होतं. आत एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, चार सतरंज्या आणि बाहेर खडूनं लिहायची फळी. दुपारी बारा आणि तीन, असे दोन खेळ. लोक त्याला नुसतं ‘व्हिडिओ’ म्हणायचे. कॅसेटी नांदेडहून आणाव्या लागत. तिथला दुकानदार प्रत्येक कॅसेट छातीला लावून द्यायचा. "ले जाओ सेठ, पब्लिक पागल हो जाएगी!" त्याच्या भरवशावर मी दोनदा तोंडघशी पडलो. पब्लिक पागल झाली खरी, पण माझ्यावर. एक म्हातारा अर्ध्यातून उठला आणि दारात उभा राहून सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काहून रं, घरी कुणी हसलं-रडलं न्हाई व्हय तुझ्या, असलं आणायला?"

मला राग लवकर येतो. त्या दिवशी जेवलो नाही. बायको म्हणाली, "जेवा आता. पिक्चर तुमी काढला का?" आणि ताट पुढं सरकवलं.

बायको नांदेडची. बारावी झालेली. मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं, पण त्याच वर्षी आमचं लग्न जमलं आणि ती कुरुंद्याला आली. तिच्या माहेरापासून टॉकीज हाकेवर होती. लहानपणापासून तिनं मोठ्या पडद्यावर सिनेमे पाहिलेले. म्हणून लग्नानंतर पहिल्या पहिल्यांदा मी प्रत्येक कॅसेटला तिला विचारायचो, "आवडला का?" ती म्हणायची, "बरा हाय." रडका असो, हाणामारीचा असो, हसून पोट दुखवणारा असो, "बरा हाय." जेवण कसं झालं, "बरं हाय." नवीन लुगडं कसं हाय, "बरं हाय." शेवटी मी हात टेकले आणि विचारायचं सोडून दिलं. पण मनात एक काटा रुतून बसला तो बसलाच. मी ह्या बाईला नांदेडहून आणून हळदीच्या ढिगापुढं बसवलं, हिला हे आवडलं का? इथं, माझ्यासंगं? हे मला कळायला काही मार्ग नव्हता.

तर हातांची गोष्ट. आमचं दोन एकर रान, त्यात हळद. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की ओसरीत ढीग पडायचा आणि शेजारच्या चारपाच बाया निवडायला यायच्या. गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं, बारीक चुरा तिसरीकडं. बायको त्यांच्यात बसायची. नांदेडहून आणलेली कॅसेट घासलेली तर नाही ना, हे बघायला मी सकाळी शेडातला व्हीसीआर घरी आणायचो, जुना काळा-पांढरा टीव्ही ओसरीत लावायचो आणि व्हीसीआरच्या बाजूला स्टूल टाकून बसायचो. बाया काम करता करता वर बघायच्या. एका सकाळी माझ्या ध्यानात आलं की खटखट थांबली. हळकुंड हळकुंडावर पडलं की खट असा आवाज येतो, तो बंद झाला. मान वर करून बघतो तर सगळ्यांचे हात हवेत. पडद्यावर एक सून पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी होती आणि आत तिच्याबद्दल काही बोलणं चाललं होतं. मारामारी नाही, गाणं नाही. बायांच्या हातातली हळकुंडं हातातच.

मी ती कॅसेट शेडात लावली. आठवड्यासाठी आणलेली, तीन आठवडे उतरली नाही. वारंग्याच्या फाट्यावरून माणसं आली बघायला!

मग काय, मला गुरुकिल्लीच सापडली. कॅसेट आणली की आधी ओसरीत लावायची, स्टुलावर बसायचं आणि पडद्याकडं पाठ करून बायांचे हात बघायचे. किती वेळा थांबले, किती वेळ थांबले. त्यांना सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर मुद्दाम थांबवले असते त्यांनी, किंवा मुद्दाम चालू ठेवले असते, खोडसाळ होत्या एकेक. नांदेडचा दुकानदार चक्रावला. "ये कैसे चुनता है तू?" मी नुसता मिशीत हसायचो. सगळ्या बायांचे हात कधी ना कधी थांबायचे. फक्त बायकोचे नाही. गावातली दगडाच्या काळजाची म्हणून ओळखली जाणारी म्हातारी एकदा पदर डोळ्याला लावून बसली होती, तेव्हाही आमच्या ढिगातून बराबर आवाज येत होता, खट, खट, खट. एकटीचा. मी म्हणायचो, चला, हिला हाही आवडला नाही.

आणि ह्या विद्येत एकदा मी असा आपटलो की विचारू नका. कॅसेट लावली, दहा मिनिटं झाली नाहीत तोच सगळ्या बायांचे हात थांबले. आणि थांबले ते थांबलेच. डोळे ताठ, माना पुढं, एकमेकींना कोपरानं ढोसणं चाललेलं. इतकं मी कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. पूर्ण बघायलाही थांबलो नाही, समोरून एसटी चालली होती, तिच्या मागं पळालो. नांदेडला जाऊन ती कॅसेट पंधरा दिवसांसाठी पक्की केली, फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. पहिल्याच खेळाला निम्म्याच्या आत शेड रिकामं. माझं डोकं फिरलं. घरी येऊन बायांवरच ओरडलो, "त्या दिवशी तर तोंड उघडं टाकून बघत व्हत्या!"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग जी हसायला लागल्या! त्यातली शेरडं पाळणारी शेजारीण म्हणाली, "आवं दाजी, ती हिरोईन जवारीची भाकर लाटून राहिली व्हती! लाटण्यानं! पोळपाटावर!" दुसरी म्हणाली, "आन् भाकर तव्यावर टाकून पाणी न्हाई फिरवलं. आमी म्हणलं आता ही भाकर फुगती कशी ते तर बघू."

कपाळावर हात मारून घेतला मी. बायकोला म्हणालो, "तुला ठावं व्हतं, मग काहून सांगितलं न्हाईस?"

"तुमी थांबलात कुठं? एसटीच्या मागं पळालात." आणि तिचे हात चालूच.

पुढं गावात केबल आली, मग सीडी आली, आणि शेड हळूहळू सुनं पडलं. मी फार हळहळलो नाही. खरं सांगतो, त्या शेडानं मला पोटापुरतं दिलं आणि नावही दिलं. आता शेडात हळदीची पोती ठेवतो. रस्त्यानं जाताना कुणीतरी अजून हाक मारतं, "काय व्हिडिओवाले!" बरं वाटतं.

आम्हाला एक लेक. ती त्या ओसरीतच मोठी झाली. हुशार निघाली, वसमतला शिकली, मग औरंगाबादला इंजिनिअर झाली आणि पुण्यात नोकरीला लागली. कसली नोकरी ते मला दोन वर्षं नीट कळलं नाही. फोनवर म्हणायची, "बाबा, लोकांना काय बघायला आवडंल ते आमी आधीच शोधून काढतो." मी म्हणायचो, "म्हणजे माझाच धंदा की!" ती हसायची.

ती पुण्यात स्थिरावली तशी आमच्या मागं लागली. तिथं चला, दोन खोल्या हायेत, रान ठोक्यानं कसायला द्या, किती दिवस हळदीत बसता. मी बायकोला विचारलं, "काय म्हणतीस?" ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं."

आता सांगा, काय करावं माणसानं! हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मला कुरुंदा सोडायचा नव्हता, हे उघड आहे. पण मी पंचवीस-तीस वर्षं आपल्याच मनासारखं केलं होतं. तिची मास्तरकी गेली, टॉकीज गेली, माहेर गेलं. तिला जर इथं आवडलंच नसेल तर उरलेले दिवस तरी तिच्या मनासारखे जावेत, मी मुकाट्यानं बिऱ्हाड बांधीन, असं मी ठरवलं होतं. फक्त तिच्या मनात काय आहे ते कळायला पाहिजे होतं. तेवढंच कळत नव्हतं.

अशात हळदीच्या दिवसांत लेक सुटीवर आली. तिच्याकडं एक मोठी पेटी होती. उघडली तर आत लॅपटॉप आणि एक टोपी. ताणणारी, रबरी कापडाची, सगळीकडं बटणाएवढ्या चकत्या आणि प्रत्येक चकतीला एक तार. तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, शहरातल्या पोरापोरींवर तपासून झालं, आता गावाकडची माणसं पण तपासून ये.

तिनं मला समजावून सांगितलं. माणूस काही बघतो तेव्हा त्याच्या मेंदूत बारीक वीज हलते. ती ह्या चकत्यांना कळते आणि लॅपटॉपवर रेघा उमटतात. पुष्कळ माणसांच्या रेघा एकाच जागी सारख्याच हलल्या, की समजायचं ते दृश्य लोकांना धरून ठेवतं आहे. मग बाजारात यायच्या आधीच सांगता येतं, ही जाहिरात चालणार, ही पडणार.

"म्हणजे हात थांबले!" मी ओरडलोच.

"व्हय बाबा, तेच. तुमच्यावरूनच तर मला ह्यात जावं वाटलं," ती म्हणाली. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

"आन् भाकरीचं काय करता?" मी विचारलं. "ती लाटलेली भाकर?"

तिला ती गोष्ट पाठ होती. जरा विचार करून म्हणाली, "तिथंच आमचं बी अडतंय. लक्ष लागणं येगळं आन् आवडणं येगळं."

तरी माझ्या मनात एकच चाललं होतं. ही टोपी बायकोच्या डोक्यावर चढली पाहिजे. लेकीला हळूच म्हणालो, "तुझी आई काय बघून खूश होती, तेवढं बघ. त्याच्यावर पुण्याचं ठरवू." लेकीनं माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "बाबा, ही टोपी काय देवऋषी हाय का?" पण नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत मांडामांड झाली. वीज अकराला जाणार होती, त्याच्या आत उरकायचं होतं. पहिली तकलीफ केसांची. लेक म्हणाली, तेल चालत नाही, डोकं धुऊन या. बाया उखडल्या. "अगं माय, आज काय न्हायचा वार हाय का?" शेवटी शेरडवाली शेजारीण आधी न्हाऊन आली, मग बाकीच्या. लेकीनं एकेका चकतीखाली पांढरं मलम भरलं, टोपी घातली. शेजारणीला जाहिरात दाखवली साबणाची. एक बाई नदीवर गाणं म्हणत हसत धुणं धुते. शेजारणीच्या रेघा भलत्याच ठिकाणी उसळल्या. लेकीनं विचारलं, "काकू, इथं काय आवडलं?"

"मागं शेळी व्हती ती. गाभण हाय. असल्या चिखलात कशाला उभी केली तिला?"

लेकीनं दुसऱ्यांदा लावून बघितलं तेव्हा तिला ती शेळी दिसली.

मग बायकोची पाळी. ती पाटावर बसली, टोपी घातली. टोपीखालून तिचे पांढरे होत चाललेले केस बाहेर आले होते. मला काय वाटलं कुणास ठाऊक, एकदम नवरीसारखी दिसली. मी माझा जुना स्टूल आणला आणि नेहमीच्या जागी, पडद्याच्या डाव्या अंगाला बसलो. लेक म्हणाली, "आई, आता हलायचं न्हाई. हात मांडीवर ठेव. समोर बघ." आणि आली का पंचाईत! हात मांडीवर. आता मी काय बघू?

लेकीनं एक हसायचा तुकडा लावला, मग एक रडायचा, मग एक गाणं. मधेच म्हणाली, "आई, समोर." थोड्या वेळानं पुन्हा, "आई, डोळे हलवू नको." पुन्हा, "आगं आई, समोर बघ की!" चौथ्यांदा तिनं लॅपटॉप मिटला. "ऱ्हाऊ दे. हिचं सगळं खराब निघालं."

"खराब म्हणजे? तिला काहीच आवडलं न्हाई?"

"तसं न्हाई वो बाबा. मोजताच आलं न्हाई. हे बघा." तिनं रेघा दाखवल्या. कपाळाजवळच्या दोन रेघा होत्या, त्या मधूनच एकदम उडायच्या, एक वर, एक खाली. "डोळे बाजूला फिरवले की असं व्हतं. हिनं दर थोड्या वेळानं डावीकडं बघितलं. हसायच्या तुकड्यात बी, रडायच्या तुकड्यात बी. टाकून द्यावं लागंल हे सगळं." आणि बायकोकडं वळून म्हणाली, "आई, डावीकडं काय ठेवलंय तुझं?"

बायको केसांतलं मलम पुसत होती. म्हणाली, "काय न्हाई." आणि डोकं धुवायला मोरीत गेली.

डावीकडं काय होतं? भिंत होती. खुंटीला टांगलेलं सूप होतं. आणि स्टूल होता. मी त्या स्टुलाकडं बघत राहिलो. मग वीज गेली.

तो सगळा दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. लेकीनं दोनदा विचारलं, "बाबा, रागावलात का?" रागावलो नव्हतो. हिशेब लागत नव्हता. शेड चाललं तितकी वर्षं मी त्या स्टुलावर बसून बायांचे हात डोळ्यात तेल घालून बघितले, पण हातांच्या वर एकदाही बघितलं नाही. निदान तिच्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक शेजारणीकडं शेरडं बघायला गेली. ओसरीत बायको एकटीच हळद निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि निवडायला लागलो. थोडा वेळ दोघांची खटखट चालली. मग म्हणालो, "काल टोपी घातल्यावर माझ्याकडं बघत व्हतीस का?"

तिनं ढीग जरा पुढं ओढला. मग म्हणाली, "आता सवयच लागली त्याची."

"कसली सवय?"

"तुमी स्टुलावर बसायचे. बायांचे हात थांबले की तुमचं तोंड असं फुलून यायचं. मग कुणाला दिसू नये म्हणून दाबून धरायचे, तर मिशी थरथरायची. ते बघायची मी." आणि ती हसली. "पिक्चरमधलं पुढं काय व्हणार ते मला आधीच कळायचं. तुमचं कधी कळायचं न्हाई. भाकरीच्या वक्ती तर वाटलं नाचता की काय आता."

"मग तुझे हात कसे कधी थांबले न्हाईत?"

"माझे बी थांबले असते तर हळद कुणी निवडली असती?"

मी एक हळकुंड उचललं. म्हणालो, "आन् पुण्याचं?"

तिनं एक गड्डा उचलला, बाजूच्या ढिगात टाकला. "पुण्यात तुमी कुणाचे हात बघणार?" ती म्हणाली. "आन् मग मी काय बघू?"

तिची खटखट चालूच होती. मग तिनं मान वर केली, माझ्याकडं नाही, माझ्या हातांकडं बघितलं.

"आवं," ती म्हणाली, "हात थांबले तुमचे."